दीर्घ व्यवहार आणि उलट नोंद

डेटाबेसशास्त्रात व्यवहार म्हणजे एकतर पूर्ण झालेले, नाहीतर मुळीच न झालेले कृत्य होय. बँकेतील क्षणार्धात उरकणाऱ्या नोंदीस ही कल्पना शोभते. परंतु प्रवासाचे आरक्षण घ्यावे, तर विमान, वाहन व निवास ठरण्यास दिवसच्या दिवस जातात. तितका काळ नोंदी कुलूपबंद ठेवल्यास इतरांचे काम अडून पडेल. दीर्घकाळ चालणाऱ्या व्यवहारांची ही अडचण जिम ग्रे यांनी १९८१ मध्ये मांडली.

हेक्टर गार्सिया-मोलिना व केनेथ सालेम यांनी १९८७ मध्ये ‘सागा’ ही योजना सुचविली. दीर्घ कार्याचे लहान व्यवहार पाडावेत, प्रत्येक लगेच कायम करावा व त्यास भरपाईचा व्यवहार जोडून ठेवावा. मध्येच विघ्न आल्यास या भरपाया उलट क्रमाने चालवाव्यात. जमाखर्च लिहिणारा कारकून तरी निराळे काय करतो? तो चूक खोडीत नाही, उलट नोंद करतो.

मात्र या सोयीची किंमत लहान नव्हती. पुढे रद्द व्हावयाची जागा मधल्या काळात इतरांस भरलेली दिसते, आणि त्यामुळे परत फिरलेला प्रवासी भरपाईने परत येत नाही. व्यवहारांची परस्परांपासूनची अलगता सोडली, तेव्हाच ही दीर्घता साधली.

पुढची पायरी केव्हा व कोणती, हा प्रश्न उरलाच होता. उमेश्वर दयाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तो डेटाबेसमध्येच ठेवलेल्या, घटना व अट पाहून आपोआप चालणाऱ्या नियमांकडे सोपविला.