मोटारसायकलचा ‘पिकअप’ कोठून येतो?

धानाचे दोन कट्टे, म्हणजे पोती, मागे बांधून धुऱ्यालगतच्या चिखलातून बाहेर पडणे किंवा सालेकसा तालुक्यात दरेकशाकडील चढ दोघांना घेऊन चढणे, ही गोंदिया जिल्ह्यातील मोटारसायकलची नित्याची कामे. तेथे ताशी 100 किलोमीटरचा वेग उपयोगी पडत नाही. इंजिन हळू फिरत असतानाही गाडी ओढून नेण्याची ताकद लागते. हिलाच बोलीभाषेत ‘पिकअप’ आणि तांत्रिक भाषेत कमी फेऱ्यांवरील टॉर्क म्हणतात. खरेदीच्या वेळी मात्र बहुधा सीसी आणि अश्वशक्ती यांचीच चर्चा होते आणि चुकीच्या निवडीची किंमत पुढे क्लच प्लेटा जाळून मोजावी लागते.

टॉर्क म्हणजे पिळाचे बल. पाना फिरवताना मनगटाला जाणवते तेच. अश्वशक्ती हा टॉर्क आणि फेरे यांचा गुणाकार असतो. त्यामुळे लहान इंजिनही अतिशय जलद फिरवले तर मोठी अश्वशक्ती दाखवू शकते.

ज्याचा दट्ट्या अधिक लांब अंतर वर-खाली करतो, म्हणजेच ज्याचा स्ट्रोक लांब, त्या इंजिनात टॉर्क जास्त, असा एक दृढ समज आहे. तो अर्धाच खरा आहे. स्प्लेंडरच्या 97.2 सीसी इंजिनाचा बोअर 50 मिलिमीटर आणि स्ट्रोक 49.5 मिलिमीटर, बजाज प्लॅटिनाच्या 102 सीसी इंजिनात हेच आकडे 47 आणि 58.8. स्ट्रोकमध्ये नऊ मिलिमीटरहून अधिक फरक असूनही कमाल टॉर्क अनुक्रमे 8.05 आणि 8.3 न्यूटन मीटर, म्हणजे जवळपास सारखाच. स्ट्रोक वाढला की तरफ लांब होते हे खरे. पण सीसी तेवढेच ठेवायचे तर दट्ट्याचा व्यास कमी करावा लागतो आणि त्यावर पडणारा जोरही त्याच प्रमाणात घटतो. फरक दिसतो तो अन्यत्र. स्प्लेंडरचा कमाल टॉर्क 6000 फेऱ्यांवर मिळतो, प्लॅटिनाचा 5500 वर.

याहून बोलके उदाहरण रॉयल एनफिल्डचे नवे 350 सीसी इंजिन आणि 2012 मध्ये भारतात आलेली, पुण्याजवळच्या चाकणला तयार होणारी केटीएम ड्यूक 200 यांचे आहे. दोन्हींचा बोअर नेमका 72 मिलिमीटर. एनफिल्डचा स्ट्रोक 85.8, ड्यूकचा अवघा 49. एनफिल्ड 4000 फेऱ्यांवर 27 न्यूटन मीटर टॉर्क देते. ड्यूक सुमारे 19, तोही 8000 फेऱ्यांवर. गंमत अशी की, प्रत्येक सीसीमागे हिशेब केला तर ड्यूकच सरस ठरते! अश्वशक्तीतही ती पुढे आहे. पण दरेकशाच्या चढावर, खड्डा चुकवून वेग मंदावल्यानंतर, 8000 फेरे आणायचे कसे? तेथे एनफिल्डस्वार गिअर न बदलता पुढे निघतो आणि ड्यूकवाल्याला दोन गिअर खाली यावे लागते.

यामागचे कारण श्वासोच्छ्वासाचे आहे. जलद फिरणाऱ्या इंजिनाला थोड्या वेळात भरपूर हवा लागते, म्हणून त्याचे व्हॉल्व्ह मोठे आणि अधिक काळ उघडे राहणारे असतात. कमी फेऱ्यांवर याच मोठ्या वाटेतून हवा संथ येते, सिलिंडर नीट भरत नाही आणि ओढ कमी पडते. लांब स्ट्रोकच्या इंजिनाला मुळात फार फेरे झेपतच नाहीत. एनफिल्डचे इंजिन 10,000 फेऱ्यांवर नेले, तर दट्ट्याला सेकंदाला सरासरी 28 मीटरहून अधिक वेगाने धावावे लागेल. त्यामुळे अभियंते त्याची श्वासवाट अरुंद ठेवतात आणि कमी फेऱ्यांवरील ओढ साधून घेतात. जड फ्लायव्हीलमुळे असे इंजिन एकाएकी बंदही पडत नाही. बजाजने 2000 च्या दशकात सायलेन्सरच्या नळीला लहानशी कुपी जोडून ‘एक्झॉस्टेक’ नावाने हाच परिणाम साधण्याचा प्रयत्न केला होता.

टू-स्ट्रोकच्या चाहत्यांना हे पटणार नाही. 1985 ते 1996 या काळात भारतात तयार झालेल्या यामाहा आरएक्स 100 चा पिकअप आजही आठवला जातो. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये एकाआड एक. तरीही आरएक्स 100 चा सुमारे 10 न्यूटन मीटर टॉर्क 6500 फेऱ्यांवर मिळत असे. तिच्या चपळाईत जेमतेम 100 किलोच्या वजनाचा वाटा मोठा होता. विजेच्या मोटारीचे गणित वेगळेच. तिचा टॉर्क चाक फिरू लागण्याच्या क्षणापासूनच उपलब्ध असतो.

म्हणून माहितीपत्रकात टॉर्कच्या आकड्यापुढे लिहिलेले फेरे आधी वाचावेत. चाचणी घेताना मागे एक माणूस बसवून, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 20-25 किलोमीटरवरून क्लच न दाबता गाडी उचलते का, हे पाहावे. धक्के बसू लागले किंवा इंजिन ठोकू लागले, तर ती गाडी ओझ्यासाठी नाही.

घरात असलेल्या गाडीवरही थोडा इलाज आहे. चाकाला मिळणारी ओढ गिअर आणि चेनवरही अवलंबून असते. मागचे 42 दात्यांचे स्प्रॉकेट काढून 44 चे बसवले, तर प्रत्येक गिअरमध्ये ओढ जवळपास पाच टक्क्यांनी वाढते. तेवढाच कमाल वेग घटतो आणि मोकळ्या रस्त्यावर ॲव्हरेजही थोडे उतरते. मात्र ताणलेल्या जुन्या चेनवर नवे स्प्रॉकेट चढवू नये; त्याचे दाते लवकर झिजतात.