अंडीं, मुलें आणि हिरवळ : ईस्टरच्या एका खेळाची हकीकत

ख्रिस्ती धर्मांत नाताळापेक्षांही श्रेष्ठ मानला गेलेला सण म्हणजे ईस्टर. क्रूसावर प्राण सोडलेला येशू तिसऱ्या दिवशीं थडग्यांतून पुन्हा उठला, या श्रद्धेचा हा उत्सव होय. परंतु युरोप-अमेरिकेंतील चार-पांच वर्षांच्या मुलाला ईस्टर म्हणजे काय असें विचारलें, तर तें बहुधा प्रथम रंगविलेल्या अंड्याचेंच नांव घेईल. एवढ्या गंभीर सणांत हें खेळणें आलें कोठून, आणि त्या खेळाच्या आड एका बलाढ्य राष्ट्राचा कायदा कसा आला, ही हकीकत मोठी उद्बोधक आहे.

या प्रथेचें एक मूळ उपवासांत आहे. ईस्टरपूर्वीं चाळीस दिवसांचें व्रत असे, आणि मध्ययुगीन युरोपांत त्या काळांत मांसाबरोबर अंडींही वर्ज्य मानीत. माणसांनीं व्रत धरलें तरी कोंबड्या कांहीं तें पाळीत नव्हत्या! त्यामुळें व्रत सुटण्याच्या दिवशीं घरोघर अंड्यांची रास सांचलेली असे. तीं उकडावीं, रंगवावीं आणि लहानथोरांना वांटावीं, हें ओघानेंच आलें. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० सालच्या हिशेबांत ४५० अंड्यांकरितां १८ पेन्स खर्ची पडल्याची नोंद आहे. तीं अंडीं सजवून राजपरिवारांत वांटलीं गेलीं.

राजाघरीं सोन्याचा वर्ख असे. गरिबाघरीं कांद्याचीं टरफलें. अंड्याभोंवतीं तीं गुंडाळून वर फडकें बांधावें आणि अंडें उकळत्या पाण्यांत सोडावें, म्हणजे कवचावर पिंवळ्यापासून तांबूस तपकिरीपर्यंत रंगांच्या छटा उमटतात. मग टांचणीच्या टोंकानें रंग खरवडून मूल आपलें नांव किंवा एखादें फूल त्यावर कोरतें. टाकाऊ टरफलांतही रंग दडलेला असतो, आणि जोर अधिक झाला कीं कवच फुटतें, हे दोन धडे त्याला कोणत्याही पुस्तकावांचून मिळतात.

जर्मन मुलांच्या कल्पनेंत हीं अंडीं ससा आणून ठेवतो. फ्रांक फॉन फ्रांकेनाउ या वैद्यानें १६८२ सालीं लिहिलेल्या प्रबंधांत या सशाचा उल्लेख सांपडतो. अठराव्या शतकांत जर्मन कुटुंबें अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत जाऊन वसलीं, तेव्हां हा ससाही त्यांच्याबरोबर गेला. मुलें आपल्या टोप्यांचीं घरटीं करून त्याची वाट पाहूं लागलीं. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची आई जर्मनच होती. तिनें रंगवून लपविलेलीं अंडीं आपण शोधलीं, असें लहानग्या व्हिक्टोरियानें १८३३ सालच्या आपल्या रोजनिशींत नमूद केलें आहे.

इंग्लंडच्या उत्तर भागांत शोधण्यापेक्षां घरंगळविण्याचा खेळ अधिक आवडता. ईस्टरनंतरच्या सोमवारीं मुलें टेंकडीवर जमतात, आणि ज्याचें अंडें न फुटतां सर्वांत दूर जाईल तो जिंकतो. थडग्याच्या तोंडावरील शिळा बाजूला लोटली गेली, तिचें हें प्रतीक होय, असाही या खेळाचा अर्थ लावला जातो.

हाच खेळ अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील मुलांनीं आपलासा केला होता. तेथील विधिमंडळाची इमारत उंचवट्यावर आहे; तिच्या उतारावरून अंडीं आणि अंड्यांपाठोपाठ मुलें स्वतःही गडगडत खालीं येत. त्या सुमारास फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड या उद्यानकाराकडे तेथील आवाराची नवी रचना सोंपविलेली होती. मुलांच्या या धुडगुसानें हिरवळीची नासाडी होते, अशी सभासदांची तक्रार झाली, आणि १८७६ सालीं त्या आवारांत खेळण्याची बंदी करणारा कायदाच संमत झाला! पुढल्या वर्षीं त्या सोमवारीं पाऊस पडल्यामुळें कायद्याची कसोटी लागली नाहीं. १८७८ च्या २२ एप्रिलला मात्र टोपल्या घेऊन आलेल्या मुलांना पहाऱ्यावरील शिपायांनीं परत लावलें. तेव्हां मुलें अध्यक्षांच्या निवासस्थानाकडे, म्हणजे व्हाइट हाउसकडे वळलीं. आणि अध्यक्ष रदरफोर्ड हेस यांनीं आपल्या अंगणाचें फाटक त्यांच्याकरितां उघडविलें. गवत तेथेंही होतेंच, परंतु तें तुडवलें जाण्याची पर्वा हेस यांनीं केली नाहीं.

तथापि या हकीकतीला एक काळी बाजूही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या छायाचित्रांत गोरीं व कृष्णवर्णीय मुलें त्या हिरवळीवर एकत्र दिसतात. पुढें वर्णभेदाचे निर्बंध कडक होत गेले, आणि कृष्णवर्णीय मुलांना तेथें पूर्वींचा मोकळेपणा उरला नाहीं. त्यांच्या कुटुंबांनीं १८९० नंतरच्या दशकांत शहरांतील राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयाच्या आवारांत ईस्टरच्या सोमवारीं जमण्याचा आपला स्वतंत्र परिपाठ सुरू केला, आणि तो पिढ्यान् पिढ्या सांभाळला. हिरवळीच्या रक्षणासाठीं केलेल्या बंदीला एका सकाळींच पर्याय सांपडला. मनांतील बंदी उठावयास कित्येक दशकें लागलीं.

व्हाइट हाउसमधील खेळालाही खंड पडले. १९४३ पासून प्रथम महायुद्ध, मग अन्नाची काटकसर आणि शेवटीं इमारतीची दुरुस्ती, यांमुळें १९५२ पर्यंत तेथें एकही अंडें घरंगळलें नाहीं. जीं मुलें त्या अवधींत लहानाचीं मोठीं झालीं, त्यांचा तो खेळ कायमचाच राहून गेला. १९५३ सालीं अध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं तो पुन्हा सुरू केला आणि आजही तो भरतो.

कांद्याचीं टरफलें, एक उकडलेलें अंडें आणि जरासा उतार एवढेंच या खेळाचें साहित्य. यांपैकीं पहिल्या दोन वस्तू कोणत्याही आईला स्वयंपाकघरांत मिळतात. तिसरी मात्र वडील माणसांच्या मर्जीवर अवलंबून असते. आणि या खेळाचा इतिहास पाहतां, मुलांना सर्वांत कष्टानें मिळाली ती हीच.