मराठी रंगभूमी आणि तिने वगळलेली माणसे

ठाण्यास मासुंदा तलावाच्या काठी जे नाट्यगृह उभे आहे, त्यास राम गणेश गडकरी यांचे नाव दिलेले आहे. गडकरी १९१९ च्या जानेवारीत निवर्तले. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांच्या 'एकच प्याला' नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्यास झाला. त्या नाटकातील सिंधू ही महाराष्ट्रीय पतिव्रतेची मूर्ती म्हणून आमच्या दोन-तीन पिढ्यांनी हृदयाशी धरली. ती सिंधू प्रथम रंगभूमीवर आणली ती बालगंधर्वांनी, म्हणजे एका पुरुषाने. ह्या गोष्टीत त्या काळच्या कोणाही प्रेक्षकास काही विपरीत वाटले नाही. पुढे १९८१ साली गडकऱ्यांच्याच नावाच्या ह्या ठाण्याच्या रंगायतनात विजय तेंडुलकर यांच्या 'मित्राची गोष्ट' ह्या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्यातील नायिका स्त्री होती, ती भूमिका करणारी नटीही स्त्रीच होती, आणि त्या नायिकेचे प्रेम एका स्त्रीवर होते. ह्या वेळी मात्र प्रेक्षकांस आपल्या आसनावर सावरून बसावे लागले.

सिंधू आणि मित्रा ह्या दोघींच्या मध्ये बासष्ट वर्षांचा काळ गेला. त्या काळात मराठी रंगभूमीने काय स्वीकारले आणि काय बाहेर ठेवले, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावा असा आमचा उद्देश आहे. आमचा सिद्धांत आरंभीच सांगून टाकतो: आमच्या रंगभूमीने वेषास मान दिला, माणसास दिला नाही, आणि जे माणसास मिळाले नाही ते निदान त्याच्या स्मृतीस देणे हे आता आमच्या नाट्यगृहांचे, ग्रंथालयांचे आणि वस्तुसंग्रहालयांचे काम आहे.

सन १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेव्हा सीता मुलग्याने व्हावी ह्यास दुसरा उपायच नव्हता. कुळशीलवान स्त्रीने चारचौघांसमोर उभे राहावे हे त्या समाजास मान्य नव्हते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'ने संगीत नाटकाचे युग सुरू झाले, आणि भाऊराव कोल्हटकरांसारख्या गायक नटांमुळे 'स्त्रीपार्ट' ही केवळ अडचणीतून काढलेली वाट न राहता स्वतंत्र विद्या बनली. चालणे, बसणे, पदर सावरणे, लाजणे, रुसणे ह्या प्रत्येकाचा अभ्यास होऊ लागला. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस किर्लोस्कर मंडळीत आले, व ही विद्या शिखरास पोहोचली. बालगंधर्व रंगमंचावर जशी साडी नेसत, जसा अंबाडा घालीत, तसा घरंदाज स्त्रिया आपापल्या घरी घालू लागल्या. स्त्रीने कसे दिसावे ह्याचा धडा स्त्रियांनी एका पुरुषापासून घ्यावा, असा हा प्रकार जगाच्या रंगभूमीतही थोडा आढळेल. १९६४ साली सरकारने त्यांस पद्मभूषण दिले, आणि पुण्यास त्यांच्या नावाचे रंगमंदिर आहे.

येथे एका गैरसमजाचे निवारण करणे अवश्य आहे. हल्ली कित्येक उत्साही लेखक स्त्रीपार्ट करणाऱ्या नटांच्या खासगी जीवनाविषयी नाना तर्क लढवितात. आम्हांस ते योग्य वाटत नाही. बहुतेक नट संसारी गृहस्थ होते, आणि कलेतील वेषावरून अंतःकरणाचे अनुमान काढणे हे तर्कशास्त्रास धरून नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. ती रंगभूमी स्त्रीत्व व पुरुषत्व ह्यांस चालण्या-बोलण्याची शिकण्याजोगी रीत मानीत होती, आणि हजारो सभ्य कुटुंबे ते मुलाबाळांसह बसून पाहत होती. अट एकच होती: पडदा पडला की टोप उतरला पाहिजे. ज्याचा टोप उतरत नव्हता, म्हणजे ज्याच्या जीवालाच ते रूप चिकटलेले होते, त्याच्यासाठी त्या मंडपात जागा नव्हती.

आणि ही सवलतसुद्धा सर्वांस सारखी नव्हती. संगीत नाटकात शालू नेसणाऱ्या नटास 'गंधर्व' म्हणावयाचे, आणि तमाशाच्या फडात लचकत बोलणाऱ्यास 'नाच्या' म्हणून हसावयाचे, हा भेद कलेचा नसून जातीचा व वर्गाचा होता. मराठी चित्रपटांत ही भूमिका गणपत पाटील ह्यांनी वर्षानुवर्षे केली. खासगी जीवनात ते बायकामुलांचे गृहस्थ. परंतु पडद्यावरील सोंगाची सावली त्यांच्या पाठीमागे रस्त्यावरही चालत राहिली. आनंद यादवांनी 'नटरंग' कादंबरीत हेच दुःख मांडले, आणि २०१० साली तिचा चित्रपट झाल्यावर ते पांढरपेशा घरांतही पोहोचले.

१९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या आणि स्त्रीपार्टाचा काळ मावळू लागला. स्त्रियांस रंगभूमी मिळाली ही न्यायाचीच गोष्ट झाली. परंतु ज्यांनी त्या विद्येवर आयुष्य घातले होते, ते मागे राहिले. सतीश आळेकरांचे 'बेगम बर्वे' १९७९ साली आले, ते ह्याच मागे राहिलेल्यांचे नाटक आहे. एके काळी किरकोळ स्त्रीभूमिका करणारा बर्वे आता उदबत्त्या विकून पोट भरतो, आणि दोन कारकुनांच्या स्वप्नरंजनात पुन्हा एकदा स्त्री होतो. ते स्वप्न फुटते तो क्षण पाहणाऱ्यास चटका लावतो. कारण तेथे प्रथमच असे दिसते की, वेष उतरल्यावर आत कोणी माणूस उरला होता, आणि त्याची विचारपूस आम्ही कधी केली नव्हती.

ह्यानंतर दोनच वर्षांनी मित्रा आली. महायुद्धाच्या काळातील महाविद्यालयात शिकणारी ही सुमित्रा देव धीट आहे, खेळकर आहे, मुलांत मोकळेपणाने वावरते. पुरुषाविषयी आपणांस ओढ वाटत नाही हे तिला कळते तेव्हा ती जीव द्यावयास निघते. आणि वाचल्यावर हे गुपित ती बापू ह्या आपल्या बुजऱ्या मित्राजवळ उघड करते. महाविद्यालयाच्या नाटकात तिच्याकडे पुरुषाची भूमिका येते. नायिका असते नमा. त्या तालमींतून मित्राला आपले मन ओळखू येते. वाचकांनी ह्या योजनेकडे लक्ष द्यावे. शंभर वर्षे ज्या रंगभूमीवर पुरुष स्त्रीवेष घेऊन सुरक्षितपणे परत येत होते, त्याच रंगभूमीवर एक स्त्री पुरुषवेष घेते आणि परत येऊ शकत नाही, कारण तो वेष तिच्या बाबतीत सोंग नसून उलगडा असतो. पुढे पत्रे परक्या हातांत पडतात, धमक्या येतात, नमा दूर होते, आणि अखेर बापूही पाठ फिरवितो. मित्रा आत्महत्या करते.

दिग्दर्शन विनय आपटे ह्यांचे होते, आणि मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी ह्यांनी केली. त्याच बाई पुढे एका वर्षाने 'गांधी' चित्रपटात कस्तुरबा म्हणून साऱ्या जगापुढे आल्या. मित्रा आणि कस्तुरबा एकाच नटीने सारख्याच निष्ठेने उभ्या कराव्या, ह्यातच त्या भूमिकेस दिलेली प्रतिष्ठा दिसून येते. ज्या देशात १८६० च्या दंडसंहितेचे ३७७ वे कलम अंमलात होते, आणि जेथे ह्यानंतर सतरा वर्षांनी, १९९८ साली, 'फायर' चित्रपटावरून मुंबईत चित्रपटगृहांची मोडतोड झाली, तेथे हे नाटक एका उपनगराच्या नाट्यगृहात उभे राहिले, हे ठाण्याच्या सांस्कृतिक इतिहासातील मोठे पान होय.

तथापि गुणाबरोबर मर्यादाही सांगितली पाहिजे. नाटकाचे नाव 'मित्राची गोष्ट' असले तरी ती गोष्ट सांगतो बापू. मित्रा काय भोगते हे आपणांस त्याच्या डोळ्यांनी दिसते, आणि तिची गोष्ट पुरी होते ती ती मेल्यावर. दुसऱ्याने सांगितलेली आणि मरणाने संपणारी, एवढीच कथा अशा माणसांच्या वाट्यास यावी काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर त्याच वर्षी चित्रकलेने दिले होते. गडकऱ्यांची सिंधू ज्या बडोद्यास प्रथम दिसली, तेथेच मुंबईत जन्मलेले, हिशेबतपासनीसाचा व्यवसाय करणारे भूपेन खक्कर १९८१ साली एक चित्र काढीत होते. सज्जात उभा असलेला एक विवस्त्र पुरुष, पाठमोरा, खाली पाहतो आहे. आणि खाली बाप, लेक व गाढव ह्यांची ती आपल्या परिचयाची गोष्ट चालली आहे. सर्वांस कोणीच खूश करू शकत नाही, हे त्या गोष्टीचे तात्पर्य हेच चित्राचे नाव. स्वतःविषयीचे सत्य चित्रकाराने येथे स्वतःच्या हाताने मांडले, आणि गोष्ट मरणाने संपविली नाही. ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाच्या मालकीचे आहे, आणि २०१६ साली तेथे त्याच नावाने खक्करांचे मोठे प्रदर्शन भरले.

संग्रहालयात एखादी वस्तू ठेवणे आणि तिचा खरा अर्थ सांगणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. रोमन काळचा एक चांदीचा पेला आहे. त्यावर पुरुषांचा प्रणय कोरलेला आहे. १९५३ साली अमेरिकेच्या जकातखात्याने तो देशात येऊ दिला नाही. तोच पेला १९९९ साली ब्रिटिश म्युझियमने अठरा लक्ष पौंड मोजून विकत घेतला. पेला तोच होता, पाहणारे बदलले होते. इंग्लंडात १९६७ साली कायदा सैल झाला. त्यास पन्नास वर्षे झाली तेव्हा, म्हणजे २०१७ साली, ह्याच म्युझियमने आपल्याच संग्रहातील वस्तू निवडून त्यांच्यामागील समलिंगी जीवनाचा इतिहास उघडपणे मांडला. नव्या वस्तूंपेक्षा नव्या पाट्यांचेच हे काम होते. वस्तूशेजारच्या पाटीवर जे लिहिलेले नसते ते लोकांच्या दृष्टीने घडलेलेच नसते, एवढे सामर्थ्य त्या चार ओळींत असते.

आता आमच्याकडे वळू. ठाण्यातच जन्मलेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी ह्या भरतनाट्यम् शिकलेल्या तृतीयपंथी कलावंत. 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' हे त्यांचे आत्मकथन २०१२ साली मराठीत प्रसिद्ध झाले. मित्राची गोष्ट बापूने सांगितली. लक्ष्मीने आपली गोष्ट आपणच सांगितली, आणि तीही जगण्याची सांगितली. ठाण्याच्या भूमीवर तीस-एकतीस वर्षांत घडलेला हा बदल इतिहासकाराने टिपून ठेवण्याजोगा आहे. २०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांस कायद्याची ओळख दिली. त्या खटल्यात लक्ष्मींनीही आपली बाजू मांडली होती. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते ३७७ वे कलम न्यायालयाने रद्द ठरविले.

कित्येकांचे म्हणणे असे की, हे सर्व पाश्चात्त्यांचे अनुकरण आहे. परंतु ज्या कलमाने हे जीवन गुन्हा ठरविले ते कलमच मुळी इंग्रजांनी येथे आणले, आणि १८७१ च्या कायद्याने हिजड्यांची नोंदवही ठेवण्याचा हुकूम काढला तोही त्यांनीच. ज्यांनी आणले त्यांनी आपल्या देशी ते सोडण्यास १९६७ साली आरंभ केला. आम्ही २०१८ पर्यंत सांभाळले. तेव्हा अनुकरण कशाचे झाले ह्याचा विचार आक्षेपकांनीच करावा. दुसरे म्हणतात, ही खासगी गोष्ट आहे, तिला संग्रहालयात व नाट्यगृहात आणावी कशाला? ह्यास आमचे उत्तर असे की, दुष्यंत-शकुंतलेचे प्रेमही खासगीच होते. आम्ही जे प्रेम पूज्य मानतो त्यास रंगमंच देतो, आणि जे मानीत नाही त्यास खासगी म्हणतो. मुलांवर परिणाम होईल ही तिसरी भीती. ज्या आजोबांनी बालगंधर्वांस शालूत पाहिले त्यांचा संसार बिघडला नाही, एवढे सांगून हा मुद्दा आम्ही सोडून देतो.

मग करावयाचे काय? कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. इतक्या जुन्या संस्था ज्या प्रदेशात आहेत त्यास स्मृती जतन करण्याची विद्या नव्याने शिकवावी लागत नाही. ह्या विषयावरील नाटके, त्यांची हस्तपत्रके, छायाचित्रे, नटनट्यांच्या आठवणी, तमाशाच्या फडांतील नाच्यांच्या हकिकती हे सर्व कागद अजून कोणाच्या तरी माळ्यावर आहेत. लाजेने जाळलेल्या पत्रांची भरपाई होणार नाही. परंतु जे उरले आहे ते एका कपाटात, योग्य नावाने, वाचकांस मिळेल असे ठेवता येईल. नाट्यगृहांच्या भिंतींवर थोर नाटककारांच्या तसबिरी असतात. गडकरी रंगायतनात सिंधूच्या लेखकाच्या शेजारी मित्राच्या पहिल्या प्रयोगाची दोन ओळींची पाटी लागल्यास कोणाचाही मान उणा होणार नाही.

आणखी एक गोष्ट, दिसण्यास क्षुल्लक पण खरी कसोटीची. तिकिटाच्या खिडकीपाशी कोणी तृतीयपंथी उभा राहिला तर रांग त्याच्याकडे कशी पाहते, द्वारपाल त्यास कसे संबोधितो, मध्यंतरात तो कोणत्या प्रसाधनगृहात जाणार, आणि शेजारची खुर्ची रिकामी राहते की भरते, ह्यांवर ते नाट्यगृह सर्वांचे आहे की नाही हे ठरते. रंगमंचावर ज्याचे दुःख पाहून आपण डोळे पुसतो, तोच शेजारी येऊन बसला असता आपण खुर्ची बदलतो, असे झाले तर ती रसिकता पडद्यापुरतीच म्हटली पाहिजे.

मराठी माणसास रंगभूमीचा अभिमान आहे, आणि तो सार्थ आहे. एका पुरुषास पाहून 'ही सिंधूच' असे म्हणण्याइतके मोठे मन तिने प्रेक्षकांस दिले होते. त्या मनाने आता टोप उतरल्यानंतरच्या माणसाकडेही पाहावे, एवढेच मागणे आहे.