मक्ता, गुत्ता आणि निविदा : लहान नगरपालिकांच्या देवघेवीचा शब्देतिहास

महाराष्ट्रातील नगरपालिकांच्या व्यवहारात एकाच माणसाला निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळी नावे आहेत. पश्चिम महाराष्ट्रात जो मक्तेदार अथवा कंत्राटदार, तोच मराठवाड्यात गुत्तेदार आणि विदर्भात बहुधा ठेकेदार होय. हे केवळ बोलीवैचित्र्य नव्हे. या शब्दांच्या सीमा मुंबई इलाखा, निजामाचे राज्य आणि मध्यप्रांत-वऱ्हाड या जुन्या राज्यव्यवस्थांच्या सीमांशी पुष्कळ अंशी जुळतात. १९६० साली एक राज्य झाले तरी या तीन भागांत तीन निरनिराळे नगरपालिका कायदे चालू होते. मुंबई राज्याच्या जुन्या भागात १९०१ व १९२५ चे, विदर्भात १९२२ चा आणि मराठवाड्यात १९५६ चा. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका अधिनियमाने हे सर्व एकत्र केले. कायदा एक झाला. शब्द मात्र आपापल्या मुलखात राहिले.

या शब्दांची कुळे निरखली असता एक गोष्ट प्रकर्षाने ध्यानात येते. ‘मक्ता’ हा अरबीतून फारसीच्या वाटेने आलेला शब्द असून त्याच्या मुळाशी कापणे, तोडणे हा अर्थ आहे. ठरीव रकमेला तोडून दिलेला वसुलीचा हक्क म्हणजे मक्ता. ‘इजारा’ हाही त्याच वाटेने आला. ‘गुत्ता’ तेलुगूतील ‘गुत्त’ व कानडीतील ‘गुत्तिगे’ यांचा सोयरा आहे आणि तेथेही खंड, इजारा हाच अर्थ आढळतो. ‘लिलाव’ हा पोर्तुगीज ‘लेइलांव’चा मराठी अवतार. ‘कंत्राट’ पोर्तुगीजांकडून आला की इंग्रजांकडून, याविषयी कोशकारांत दुमत होऊ शकेल. तो समुद्रमार्गे आला एवढे खरे. कंत्राटाचा अपवाद सोडला तर हे सारे शब्द मूलतः विक्रीचे आहेत. त्यांत सत्ता ही देणारी असते, मक्तेदार हा घेणारा असतो आणि पैसा मक्तेदाराकडून सत्तेकडे जातो.

एकोणिसाव्या शतकातील लहान नगरपालिका प्रथमतः याच भूमिकेत उभी राहिली. १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने गावकऱ्यांच्या संमतीने नगरपालिका स्थापण्याची मुभा दिली आणि त्यानुसार सोलापूर (१८५२), सातारा (१८५३) इत्यादी ठिकाणी त्या स्थापन झाल्या. पुढे १८७३ चा कायदा आला; लॉर्ड रिपनचा ठराव १८८२ सालचा, आणि त्याला अनुसरून मुंबई इलाख्यात १८८४ चा कायदा झाला. निवडणुकीचे तत्त्व रुजू लागले, परंतु तिजोरी लहानच राहिली. जकात, घरपट्टी, बाजारातील बैठका, रस्त्याकडेच्या झाडांची फळे, नदीवरील नाव आणि सोनखत, हे उत्पन्नाचे मार्ग होते. आणि त्यांतील पुष्कळसे वर्षाच्या बोलीवर मक्त्याने देता येण्याजोगे होते.

सोनखताचा उल्लेख विशेष केला पाहिजे. गावातील मैला गोळा करून, राख-मातीत मुरवून त्याचे खत ऊस पिकविणाऱ्यांना विकणे हा नगरपालिकांचा मान्य व्यवसाय होता. पुण्याच्या आसपासचे ऊसकरी ते विकत घेत असत. ज्यांच्या डोक्यावरून तो मैला वाहिला जाई, त्या जातींच्या माणसांना त्या ‘सोन्या’तील काय मिळाले, हा प्रश्न जमाखर्चाच्या वह्यांनी कधी विचारला नाही.

लिलावाची रीत उघडी होती. दवंडी पिटली जाई, लोक कचेरीच्या आवारात जमत, बोली मराठीत चढत जाई आणि ‘एकवार, दोनवार, तीनवार’ झाल्यावर जो चढा तो मक्तेदार ठरे. या उघडेपणाचे फार कौतुक करू नये. बोली बोलणाऱ्यांनी आदल्या रात्रीच संगनमत करावे आणि आवारात केवळ नाटक व्हावे, हे सहज शक्य होते. शिवाय आवारात उभे राहता येणे आणि बोली बोलता येणे या एक गोष्टी नव्हेत. पत आणि जात दोन्ही आड येत. तथापि काय चालले आहे ते पाहणाऱ्याला कळत असे, कारण व्यवहार त्याच्या भाषेत आणि त्याच्या कानांवर होत होता.

खरेदीची गोष्ट निराळी. रस्त्यासाठी खडी व मुरूम, दिव्यांसाठी घासलेट, पुढे नळ आणि पंप या वस्तू नगरपालिकेला घ्याव्या लागल्या तेव्हा तिला विक्रेत्याच्या जागेवरून ग्राहकाच्या जागेवर यावे लागले. येथे चढी बोली निरुपयोगी. उतरता दर हवा. त्यासाठी इंग्रजी कारभाराने मोहोरबंद लिफाफ्याची पद्धत आणली. बयाणा, अनामत, लिफाफा हे शब्द जुनेच, पण त्यांनी बांधलेली रीत नवी. ती लेखी होती, बंद होती, आणि तिच्या अटी दीर्घकाळ इंग्रजीत राहिल्या. ज्याला अटी वाचता येत नव्हत्या त्याला दर भरता येत नव्हता, आणि न भरणाऱ्याला आतील दर समजत नव्हते.

या पद्धतीला ‘निविदा’ हे नाव पुढे संस्कृतवरून घडविले गेले. राज्यकारभारासाठी असे शब्द घडविण्याचा उद्योग जुना आहे. बडोद्याचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ १९३१ सालचा. महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय निघाले व १९६४ साली राजभाषा अधिनियम झाला, तेव्हा त्या उद्योगाला शासनाचे अधिष्ठान लाभले. ‘नि’ आणि ‘विद्’ यांपासून साधलेल्या या शब्दाचा रोख निवेदन करण्याकडे, पुढे ठेवण्याकडे आहे. इंग्रजी ‘टेंडर’चाही मूळ अर्थ पुढे करणे, देऊ करणे असाच. म्हणजे निविदा ही दर देणाऱ्याची असते. नगरपालिका फक्त ती मागविते. शासकीय जाहिरातीत ‘निविदा मागविण्यात येत आहेत’ असे जे लिहितात ते बिनचूक आहे. परंतु गावात कोणी असे म्हणत नाही. गावात म्हणतात, ‘नगरपालिकेने टेंडर काढले.’

या ‘काढणे’ क्रियापदात सारा इतिहास साठवला आहे. लिलाव काढीत असत. म्हणून टेंडरही निघते. लिलावात वस्तू नगरपालिकेची असे आणि ती ती बाहेर काढी. टेंडरमध्ये वस्तू दुसऱ्याची असते. नगरपालिका पैसा देते. तरीही लोकभाषेने दिशा बदलली नाही. कंत्राट हे नगरपालिकेने कोणालातरी ‘दिलेले’ उत्पन्न आहे, तो ज्याला मिळाला त्याचा लाभ आहे, ही समजूत ‘मक्ता दिला’, ‘ठेका मिळाला’ या प्रयोगांत टिकून राहिली. काम कोणते आणि ते कोणासाठी, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो.

कचऱ्याच्या बाबतीत हा पालट सर्वांत स्पष्ट दिसतो. रासायनिक खते आली, संडासांची रचना बदलली, आणि १९९३ व २०१३ च्या कायद्यांनी मानवी हातांनी मैला वाहून नेण्यास बंदी केली. सोनखताचा मक्ता इतिहासजमा झाला. घनकचरा मात्र वाढला आणि २००० व २०१६ च्या नियमांनी त्याची विल्हेवाट लावणे हे स्थानिक संस्थांचे स्पष्ट कर्तव्य ठरविले. ज्या वस्तूसाठी पूर्वी मक्तेदार नगरपालिकेला पैसे देई, तिच्यासाठी आता नगरपालिका ठेकेदाराला पैसे देते. शब्द तोच, पैशाची वाट उलटी. आणि झाडू हाती असलेला माणूस, जो एके काळी निदान नगरपालिकेचा नोकर होता, तो पुष्कळ ठिकाणी ठेक्यावरचा मजूर झाला.

नियोजनाचा शब्दसंग्रह या सर्वांपासून अलिप्तपणे वाढला. १९१५ च्या कायद्याने नगररचनेची परवानगी दिली, १९५४ च्या कायद्याने विकास योजना करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक केले आणि १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने त्याला व्यापक रूप दिले. योजना वीस वर्षांची. अंदाजपत्रक एका वर्षाचे. सरकारी वर्ष १८६७ पासून १ एप्रिलला सुरू होते. पंढरपूरसारख्या गावाला याचा अर्थ काय होतो ते पाहावे. तेथील मोठी गरज पंचांग ठरविते. आषाढी एकादशी २०१५ साली २७ जुलैला आली, २०२३ साली २९ जूनला. पाणी, दिवे, तात्पुरते संडास, जंतुनाशके यांची मागणी कोणत्या दिवशी शिगेस पोहोचणार हे आधीच छापलेले असते. परंतु नव्या वर्षाचा पैसा एप्रिलमध्ये हाती येतो. त्यानंतर मागणी, छाननी, मंजुरी आणि पुरवठा यांसाठी एका वर्षी जेमतेम तीन महिने, दुसऱ्या वर्षी जवळजवळ चार. पूर्वनियोजित गरजेला ‘तातडीची खरेदी’ हे रूप देण्याचा मोह अशा कालगणनेतच दडलेला आहे.

१ डिसेंबर २०१६ च्या राज्यशासनाच्या खरेदी नियमपुस्तिकेने आणि ई-निविदेने लिफाफ्याची जागा संगणकाच्या पडद्याला दिली. दर उघडल्यावर ते पाहता येऊ लागले, हा लाभ लहान नव्हे. योजना आणि खरेदी यांची गाठ मात्र त्याने बांधली गेली नाही. १९६६ च्या अधिनियमाचे १२७ वे कलम सांगते की, आरक्षित जमीन दहा वर्षांत घेतली नाही आणि मालकाने दिलेल्या नोटिशीची मुदतही तशीच टळली, तर आरक्षण संपते. जमीन घेणे ही लहान नगरपालिकेची सर्वांत मोठी खरेदी; तीच अंदाजपत्रकात मावत नाही. मग नकाशावर मंडईसाठी राखलेली जागा मालकाकडे परत जाते आणि आठवड्याचा बाजार रस्त्यावरच बसतो. त्या रस्त्यावरच्या बैठकांच्या वसुलीचा ठेका मात्र दरवर्षी लिलावाने दिला जातो, चढ्या बोलीवर.