कृष्णन यांचे स्फटिक आणि एकमितीय सेंद्रिय अर्धवाहक

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनी रामन परिणामाचे स्मरण देशभर होते. त्या शोधातील रामन यांचे सहकारी करियमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन यांचे नाव त्या निमित्ताने ओझरते घेतले जाते. त्यांचे स्वतंत्र कार्य मात्र क्वचितच सांगितले जाते.

१९२८ मध्येच कृष्णन ढाका विद्यापीठात गेले. बी. सी. गुहा व एस. बॅनर्जी यांच्यासह त्यांनी नॅफ्थलीन, अँथ्रासीन यांसारख्या सेंद्रिय पदार्थांचे स्फटिक क्वार्ट्‌झच्या बारीक तंतूवर टांगून समान चुंबकीय क्षेत्रात तपासले. स्फटिक किती जोराने वळू पाहतो, हे मोजले की त्याचे चुंबकत्व दिशेनुसार किती बदलते ते कळते. या रेणूंतील इलेक्ट्रॉन सपाट वलयांतून फिरतात. म्हणून क्षेत्र वलयाच्या प्रतलाला लंब असताना प्रतिचुंबकत्व सर्वाधिक भरते. त्यावरून स्फटिकात रेणू कोणत्या कलाने बसले आहेत, हे सांगता येऊ लागले. १९३३ मध्ये हे संशोधन लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केले. पुढे १९४१ मध्ये एन. गांगुली यांच्यासह त्यांनी ग्रॅफाइटचे चुंबकत्व तापमानानुसार कसे बदलते ते तपासले आणि त्यातील इलेक्ट्रॉन थरांच्या प्रतलात जवळजवळ मुक्त असतात, असे दाखवले.

इलेक्ट्रॉनांना एकच दिशा मोकळी ठेवली तर काय होईल? रुडॉल्फ पायर्ल्स यांनी १९५५ मध्ये उत्तर दिले होते: अशी एकमितीय धातुसाखळी कमी तापमानाला टिकत नाही, अणूंची अंतरे विषम होऊन ती विद्युत्‌रोधक बनते. १९७३ मध्ये अमेरिकेत टीटीएफ-टीसीएनक्यू हा सेंद्रिय स्फटिक तयार झाला आणि या भाकिताची कसोटी लागली. त्यात दोन प्रकारच्या सपाट रेणूंच्या वेगवेगळ्या चवडी असतात. एका चवडीतले काही इलेक्ट्रॉन दुसरीत जातात आणि वीज मुख्यतः चवडींच्या लांबीनेच वाहते. थंड करत गेल्यास संवाहकता सुमारे ६० केल्व्हिनपर्यंत धातूप्रमाणे वाढते. ५४ केल्व्हिनच्या आसपास मात्र स्फटिक धातुपण सोडून अर्धवाहकाच्या अवस्थेकडे वळतो.

या बदलाची साक्ष इतर गुणधर्मही देतात. इलेक्ट्रॉनांच्या स्पिनमुळे येणारे चुंबकत्व घटते. विशिष्ट उष्णतेच्या आलेखात लहानसा उंचवटा दिसतो. प्रकाशाचे वर्तनही दिशाभेद दाखवते: चवडींना समांतर ध्रुवित असलेला अवरक्त प्रकाश धातूवरून परतावा तसा परततो, आडवा ध्रुवित प्रकाश तसा परतत नाही.

ढाक्यातील स्फटिक विद्युत्‌रोधक होते, पुढचे वीजवाहक. दोहोंना एका धाग्यात बांधणारी गोष्ट म्हणजे दिशा. सेंद्रिय स्फटिकाचा गुणधर्म एका सरासरी आकड्यात मावत नाही, तो प्रत्येक अक्षावर निराळा मोजावा लागतो, हे कृष्णन यांनी मोजमापाने दाखवले होते. एकमितीय पदार्थांच्या अभ्यासाला ही शिस्त टाळता आली नाही. विज्ञान दिनी त्यांची ओळख केवळ रामन यांचे सहकारी एवढ्यावर थांबू नये, ती याच कारणाने.