तीस दिवस, साठ दिवस आणि आमचा एक गुंठा

मागच्या दिवाळीत बाबांनी विषय काढला, "घरावर एक मजला चढवू या." घर पुण्याच्या कडेला, एक गुंठ्यावर. मी म्हटलं, त्यात काय, कर्ज काढू. बँकेने विचारलं, मंजूर नकाशा कुठाय? नकाशा नाही. कधीच नव्हता! वर्षानुवर्षं घरपट्टी भरतोय, लाईट आहे, नळ आहे, पण कागदावर आमचं घर नाही. मग काय, पुढचे तीन शनिवार कायदे वाचण्यात गेले. त्यात जे सापडलं ते मला तरी भलतंच रंजक वाटलं, म्हणून हा लेख.

सुरुवात मुंबईपासून. १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा. त्याच्या कलम ३३७ मध्ये घर बांधणाऱ्याने आयुक्तांकडे परवानगी मागायची नाहीये, नोटीस द्यायची आहे. म्हणजे "साहेब, मी बांधतोय" एवढं कळवायचं. पुढे कलम ३४५ म्हणतं की ३० दिवसांत आयुक्तांनी नापसंती कळवली नाही तर खुशाल काम सुरू करा. आणि नापसंत असेल तर कलम ३४६ प्रमाणे कारणं लेखी द्यायची, शिवाय काय केलं म्हणजे चालेल तेही सांगायचं. मुंबईत बिल्डर लोक ज्याला 'आयओडी' म्हणतात तो हाच कागद. पूर्ण नाव इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल! नापसंतीची चिठ्ठी मिळाली म्हणून लोक पेढे का वाटतात याचं उत्तर या १८८८ च्या कलमात आहे.

आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिमचा डिफॉल्ट 'हो' होता. उत्तर आलं नाही तर फायदा नागरिकाचा.

मग हे बदललं कसं? १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला. दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या चाळींमधून तो पसरला असं सरकारचं मत झालं आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. घर एकेकटं तपासून भागत नाही, आख्खी वस्तीच आखली पाहिजे, हा विचार तिथून रुजला. १९१५ मध्ये मुंबई प्रांताचा नगररचना कायदा आला. १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांना विकास आराखडा सक्तीचा केला, आणि १९६६ मध्ये आला एमआरटीपी, म्हणजे प्रादेशिक व नगररचना कायदा. आता प्रश्न फक्त भिंत मजबूत आहे का एवढा राहिला नाही. जमीन पिवळ्या पट्ट्यात की हिरव्या, हा प्रश्न आधी आला. कलम ४४ खाली अर्ज करायचा. 'नोटीस' गेली, 'अर्ज' आला.

गंमत म्हणजे त्याच १९६६ साली जमीन महसूल संहिताही झाली, आणि तिच्यातही बिनशेतीची परवानगी मागायचं कलम ४४ च! एका घरासाठी दोन दारं, दोन्हींवर एकच नंबर.

जुना डिफॉल्ट मात्र पुरता मेला नाही. एमआरटीपीच्या कलम ४५ मध्ये ६० दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं मानायची सोय आहे. पण प्रस्ताव सगळ्या नियमांत तंतोतंत बसणारा हवा ही अट. नाहीतर बांधकाम अनधिकृत. म्हणजे तंतोतंत बसतं की नाही ही जोखीम घर बांधणाऱ्याच्या डोक्यावर. कोण घेणार?

आणि आमच्यासारख्यांची अडचण तर अर्जाच्याही आधीची. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीचा इतका छोटा तुकडा सरळ विकता येत नव्हता. ४० गुंठ्यांचा एकर, एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. पगारदार, रिक्षावाले, गवंडी यांना परवडत होता तेवढाच. मग सामाईक सातबारा, स्टँप पेपर, आणि रविवारी मित्रांना घेऊन घातलेला स्लॅब. अशा वस्त्या इतक्या वाढल्या की २००१ मध्ये सरकारला गुंठेवारी नियमित करायचा वेगळा कायदा करावा लागला. त्याची मुदत १ जानेवारी २००१ होती, ती २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली.

डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळता बहुतेक राज्यासाठी एकत्रित नियमावली आली. त्यात १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवरच्या घरासाठी नकाशे, कागदपत्रं आणि शुल्क भरल्याची पोच हीच परवानगी. वाचून मी उडालोच. हे तर १८८८! कळवा आणि बांधा. आमचा गुंठा १०१ चौरस मीटर, मापात बसतो. पण प्लॉट आधी मंजूर हवा, आणि आमचा तर तिथेच अडतो.

माझ्या मते मुद्दा इथेच आहे. घराची परवानगी सोपी करणं चांगलंच, पण छोट्या माणसाला मंजूर छोटा प्लॉट मिळाला नाही तर ती सवलत ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापर्यंत पोचत नाही. नियम नकोत असं मी म्हणत नाही. आमच्या गल्लीत फायर ब्रिगेडची गाडी वळत नाही, हे रोज बघतो.

असो. गुंठेवारीची फाईल दाखल केलीये. बाबांनी पोच लॅमिनेट करून कपाटात ठेवलीये, सातबाऱ्याशेजारी.