अरण्यांतील वाणी

धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं प्रभूच्या उपकारांचें स्मरण करणें हें आपलें कर्तव्य होय. परंतु स्मरणाबरोबर आत्मपरीक्षणहि हवें. म्हणून आज आम्ही वाचकांस दूर देशींची एक हकीकत सांगूं इच्छितों.

१४९२ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत कोलंबस महासागर ओलांडून वेस्ट इंडीज बेटांत पोंचला. त्याच वर्षीं ऐन नाताळाच्या रात्रीं त्याचें 'सांता मारिया' जहाज हिस्पानिओला बेटाच्या किनाऱ्याशीं रुतून फुटलें. तेव्हां तेथील ताइनो लोकांचा नायक ग्वाकानागारी यानें होड्या पाठवून जहाजावरील सामान सुखरूप किनाऱ्यास आणविलें. या उपकाराची फेड कशी झाली? थोड्याच वर्षांत ताइनो लोक स्पॅनिश वसाहतवाल्यांस वांटून देण्यांत आले. या पद्धतीस 'एन्कोमिएंदा' म्हणत. तद्देशीयांनीं काम करावें व धन्यानें त्यांचें रक्षण करून त्यांस धर्मशिक्षण द्यावें, असा तिचा नियम होता. प्रत्यक्षांत धर्मशिक्षण राहिलें बाजूला, आणि सोन्याच्या खाणींतील वेठ तेवढी उरली. १५१४ सालच्या वांटणींत अवघे सुमारें २६ हजार ताइनो मोजले गेले. पुढें लवकरच देवीची सांथ आली आणि उरलेल्यांपैकीं पुष्कळांस घेऊन गेली.

१५१० सालीं दोमिनिकन संघाचे धर्मगुरू त्या बेटावर आले. हें सारें पाहून गप्प बसणें हेंच पाप, असें त्यांनीं एकमतानें ठरविलें. २१ डिसेंबर १५११ हा आगमनकाळाचा चौथा रविवार होता. सांतो दोमिंगो येथें कोलंबसाचा पुत्र सुभेदार दिएगो व इतर बडे अधिकारी समोर बसले असतां फादर अंतोनियो मोंतेसिनोस प्रवचनास उभे राहिले. अरण्यांतून हांक देणाऱ्या योहानाचा आधार घेऊन त्यांनीं बजाविलें कीं, तद्देशीय हीं आत्मा असलेलीं माणसेंच आहेत, आणि त्यांस छळणारे सर्वजण महापातकांत आहेत. श्रोते खवळले, शब्द मागें घ्या म्हणूं लागले. पुढील रविवारीं फादरांनीं तेंच अधिक जोरानें सांगितलें, आणि वर अशांचें पापनिवेदन आम्ही ऐकणार नाहीं असें जाहीर केलें!

बार्तोलोमे दे लास कासास हे त्या काळीं धर्मगुरू असूनहि स्वतः वेठीचे धनी होते. १५१४ सालीं, पेंतेकोस्ताच्या प्रवचनाची तयारी करतांना, गरिबांस नाडून केलेलें दान देवास रुचत नाहीं या अर्थाचें वचन त्यांच्या दृष्टीस पडलें. त्यांनीं आपले वेठबिगार सोडून दिले आणि उरलेलें आयुष्य तद्देशीयांच्या कैवारांत घालविलें. तथापि सत्य लपविणें बरें नव्हे. तद्देशीयांचा भार हलका व्हावा म्हणून आफ्रिकेंतील गुलाम आणावेत, असेंहि त्यांनींच सुचविलें होतें. वृद्धपणीं ही चूक त्यांनीं आपल्या इतिहासग्रंथांत कबूल केली.

१५३७ सालीं पोप तिसरे पॉल यांनीं, तद्देशीय ख्रिस्ती नसले तरी त्यांचें स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावूं नये, असें आज्ञापत्र काढिलें. १५४२ सालीं स्पेनच्या राजानेंहि नवे कायदे केले. पण वसाहतवाल्यांच्या विरोधापुढें ते लौकरच लुळे पडले.

पोर्तुगिजांनीं आपल्या किनाऱ्यावरील वसई घेतली ती याच शतकांत, १५३४ सालीं. येथेंहि क्रूस आणि तरवार एकाच गलबतांतून उतरलीं. क्रूस आम्हीं मस्तकीं धारण केला. तरवारीचा गौरव करण्याचें आपणांस कारण नाहीं. वाचकहो, या महोत्सवीं प्रत्येकानें स्वतःस एवढेंच विचारावें: ज्याच्या घामावर आपलें घर उभें आहे, त्याच्यासाठीं आपण कधीं तोंड उघडलें काय?